जळमटं काढली की पंधरा दिवसांत परत येतात? आधी जाळ्यात काय अडकलंय ते बघा

घट बसायच्या आधी घर झाडायचं, जळमटं काढायची, आणि दिवाळीचं फराळाचं करायला बसलं की त्याच कोपऱ्यात तेच जाळं लोंबताना दिसायचं. लातूरच्या आमच्या घरात हे सलग तीन वर्षं झालं. चौथ्या वर्षी वैतागून औषध मारणाऱ्याला बोलावलं. त्यानं भिंतींच्या कडा, दारामागच्या जागा, पोटमाळा, सगळं फवारून दिलं. दोन दिवस वास गेला नाही, धाकट्या लेकराला आठवडाभर खोकला झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात पोटमाळ्याच्या तोंडाशी नवं जाळं हजर.

मी आडत बाजारात एका गोदामाचा हिशेब बघते. तिथंही हीच रड होती. घर आणि गोदाम दोन्हीकडं हा प्रश्न बराचसा सुटला, तो कसा ते सविस्तर लिहिते. कारण बाजारात जे जे विकत मिळतं ते आणून मारायची घाई मीही केली आहे, आणि त्यात पैसे गेले त्यापेक्षा लेकराचा खोकला मला जास्त लागला.

फवारणी फसली का, ते आधी. झुरळ फवारलेल्या फरशीला अंग घासत फिरतं, नंतर मिशा आणि पाय तोंडानं साफ करत बसतं, त्यामुळं औषध त्याच्या पोटात जातं. कोळी आठ पायांच्या टोकांवर चालतो, पोट भिंतीला टेकवत नाही. जाळ्यात राहणारा कोळी तर भिंतीला फारसा शिवतच नाही. भिंतीवर सुकलेलं औषध त्याला लागणार कुठून? फवारा थेट अंगावर पडला तर तो मरतो. पण अंडी रेशमाच्या पिशवीत गुंडाळलेली असतात, तिच्या आत औषध नीट पोचत नाही, आणि एका पिशवीतून जातीप्रमाणं काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत पिल्लं निघतात. झुरळं-मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढतात, तिचंही तसंच. कोळी ती ओलांडून जातो.

खरं कारण मला पोटमाळ्यावर सापडलं, तेही योगायोगानं. कचरा खाली पसरू नये म्हणून मी जुनं पांढरं धोतर अंथरलं आणि वरची जळमटं झाडली. धोतरावर जे पडलं ते नुसती धूळ नव्हती. बारीक तपकिरी भुंगेरे होते, सुकलेले, आतून पोकळ, काहींचे पंख वेगळे झालेले. आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तुरीतले किडे. मागचं पोतं वर तसंच हाय का?"

होतं. मागच्या माघातली तूर, डाळ करायची म्हणून ठेवलेली आणि विसरलेली. पोत्याचं तोंड सोडलं तर दाण्या-दाण्याला गोल भोक, आणि उरलेल्या दाण्यांवर पांढरे ठिपके, म्हणजे भुंगेऱ्याची अंडी. उबदार हवेत अंड्यापासून नवा भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो. म्हणजे वर्षभर आमच्या पोटमाळ्यावर कोळ्यांसाठी अन्नछत्र चालू होतं, आणि मी दर सणाला फक्त त्यांची ताटं उचलत होते. ते पोतं हलवलं, जागा कोरडी पुसून घेतली, तेव्हापासून पुढचे पाच महिने त्या कोपऱ्यात जाळं झालं नाही. औषधाचा एक थेंबही लागला नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. जाळं काढायच्या आधी खाली पांढरं कापड अंथरायचं, मग झाडायचं, आणि काय पडलं ते उजेडात बघायचं. कोळी कशावर जगतोय ते कळलं की उपाय आपोआप कळतो.

भुंगेरे, सोंडे, करड्या रंगाची बारीक पाखरं पडली तर धान्य बघा. तुरीत, हरभऱ्यात, मुगात भुंगेरे होतात. जोंधळ्यात, गव्हात, तांदळात सोंडे आणि पाखरं. आपल्याकडं घरोघर वर्षाचं धान्य भरायची रीत आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण भरायच्या आधी धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली दाणा कट्कन वाजला पाहिजे. कडधान्यातला ओलावा १० टक्क्यांच्या आत आला तर ते टिकतं. तुरीची शक्यतो लवकर डाळ करून घ्या, कारण हा भुंगेरा अंडी घालतो ती अख्ख्या दाण्यावर, भरडलेल्या डाळीला तो फारसा लागत नाही. जुनी पोती पुन्हा वापरणार असाल तर उकळत्या पाण्यातून काढून वाळवा, शिवणीत किडे आणि अंडी राहतात. हवाबंद कोठी किंवा जाड प्लास्टिकची हवाबंद पिशवी उत्तम. कडुलिंबाचा वाळलेला पाला आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या घालतात, मीही घालते. पण ओलं धान्य आणि उघडं तोंड असेल तर नुसत्या पाल्यानं काही होत नाही. जुन्या वाड्यात बळद (धान्य साठवायची भिंतीतली कोठी) असेल तर ते रिकामं असताना तळापर्यंत झाडून घ्या. बळदाच्या तळाशी मागच्या सालचे मूठभर दाणे राहिलेले असतात आणि कीड तिथूनच पुन्हा सुरू होते.

पंखच पंख पडले तर दारावरचा दिवा. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं, पुढं सोयाबीन काढणीच्या दिवसांत तुडतुडे आणि नाना तऱ्हेचे बारीक किडे पांढऱ्या उजेडावर झेपावतात. आमच्या पुढच्या दारावर ट्यूबलाइट होती आणि चौकटीच्या चारी कोपऱ्यांत जाळी. पिवळा एलईडी लावला (खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं असतं, तेच घ्या), आणि तो दारावरून काढून कंपाउंडच्या भिंतीवर, घराकडं तोंड करून बसवला. उजेड दारात तेवढाच पडतो, किडे मात्र भिंतीपाशी राहतात. कोळीही हळूहळू तिकडंच गेले. तिथं मी त्यांना हात लावत नाही.

डास अडकलेले असतील तर पाणी. हे लातूरकरांना जास्त लागू. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या घरात आजही पाणी साठवायची सवय सुटलेली नाही. नळ रोज येत नाही म्हणून टाक्या, ड्रम, बॅरल, न्हाणीत हंडे. साठवावं लागतंच, पण झाकण हवं. डासाची अळी ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत होतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण रिकामं करून आतून घासून कोरडं ठेवायचं. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. कूलरची टाकी हे दुसरं ठिकाण. मृग लागला की आपण कूलर बंद करतो आणि तळाचं पाणी विसरतो. न्हाणीच्या छताला लांब काडीसारख्या पायांचे, हात लावला की गरगर थरथरणारे कोळी असतात ना, ते बहुतेक वेळा या डासांवरच असतात. मादी आपली अंडी तोंडात धरून फिरते, बघितलं नसेल तर बघा. माणसाला त्यांच्यापासून काही धोका नाही.

जाळं नाही, पण रात्री न्हाणीच्या भिंतीवर तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी आडवा पळतो? त्याला जाळं लागत नाही, तो शिकार करून खातो, आणि त्याची आवडती शिकार म्हणजे झुरळ. मादीच्या पोटाखाली पांढरी चपटी टिकली दिसते ती अंड्यांची पिशवी. दिसायला भीतिदायक आहे हे खरं, पण तो माणसाच्या अंगावर धावून येत नाही, पळायला वाट शोधतो. मारायच्या ऐवजी त्याच्यावर प्लास्टिकचा डबा उपडा घाला, खालून लग्नपत्रिका सरकवा (जाड असते, वाकत नाही) आणि अंगणात सोडा. मग मोरीच्या तोंडाला जाळी, रात्री खरकटी भांडी ठेवणं बंद, सिंकखालची ओल पुसणं. झुरळांसाठी कपाटाच्या सांध्यांत जेलचे ठिपके, लेकरांचा हात पोचणार नाही असे. झुरळ गेलं की महिनाभरात हा पाहुणाही दिसेनासा होतो.

आणि कापडावर नुसती धूळच पडली, एकही किडा नाही, तर ते जाळं सोडून दिलेलं आहे. तिथं कोळी नाही. झाडा आणि विसरा.

झाडायची रीतही सांगते, कारण चुन्याच्या भिंतीवर काळे पट्टे उमटतात ते चुकीच्या झाडण्यानं. बांबूला किंचित ओलसर फडकं बांधायचं आणि जाळ्यात घालून गोल फिरवायचं, म्हणजे जाळं दोऱ्यासारखं गुंडाळलं जातं. फराटा ओढायचा नाही. पांढऱ्या टिकलीसारख्या किंवा कापसाच्या गोळीसारख्या पिशव्या दिसल्या तर त्या आधी काढायच्या. काम झालं की फडकं लगेच घराबाहेर झटकायचं. झाडू तसाच कोपऱ्यात उभा केला तर कोळी त्यावरून उतरून रात्रीत जुन्या जागी जातो. पंखा, दिवा, मीटरचा बोर्ड यांच्याजवळ मेन स्विच बंद करून, कोरड्या ब्रशनंच. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला रुमाल.

फटी बुजवणं हे एक दिवसाचं काम आहे. कूलरच्या डक्टभोवतीची जागा, नळाचा पाइप भिंतीतून येतो तिथलं भोक, दाराखालची फट. सिमेंट, सिलिकॉन, रबरी पट्टी, खिडकीला जाळी. माळवदाच्या (लाकडावर मातीचं छत असलेल्या) घरात सगळ्या फटी बुजवणं जमत नाही. तिथं लाकडाच्या सऱ्यांमधून वर्षातून तीन-चारदा ब्रश फिरवणं एवढंच.

आता घरगुती उपायांबद्दल. लिंबाची सालं ठेवली, काही झालं नाही. कोळ्यांवर केलेल्या चाचण्यांतही लिंबाच्या तेलाचा परिणाम दिसलेला नाही. पुदिन्याच्या तेलाचा काही जातींवर दिसतो, पण वास उडाला की संपलं. भिंतीत खोचायची अल्ट्रासॉनिक यंत्रं घेऊ नका. रॉकेलचा बोळा फिरवू नका, आगीला निमंत्रण आहे. डांबर गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत किंवा खोलीत नकोतच, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात.

यापेक्षाही कळकळीनं सांगायचं ते शेतातल्या औषधांबद्दल. कपाशीवर, तुरीवर मारायचं उरलेलं औषध पाण्यात कालवून घराच्या कोपऱ्यात मारणारी माणसं मी माझ्या नात्यात बघितली आहेत. "जरासंच टाकलं" म्हणतात. २०१७ साली विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. बंद खोलीत, जिथं लेकरं जमिनीवर झोपतात, तिथं तेच औषध काय करेल याचा विचार करा. गोदामातल्या धुरीच्या गोळ्यांचं तर नावही घरात काढू नका. त्यातल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि झोपेत माणूस जातो. तो वापर प्रशिक्षित माणसाचाच. कोळी मारायला तर कधीच नाही.

गोदामात आम्ही काय बदललं? पोती भिंतीला टेकून रचली जायची, ती दोन फूट सरकवली आणि खाली लाकडी फळ्यांचे पाट घातले. आता मागून झाडू जातो. सांडलेला दाणा रोज संध्याकाळी गोळा होतो. हमालांना हातमोजे दिले आणि मोजे, बूट, डोक्यावरची टोपी घालायच्या आधी झटकायची सवय लावली. कोळी चावण्याची बहुतेक प्रकरणं अशीच होतात, तो कापडात अडकतो आणि दाबला जातो.

कॅमेऱ्याचं गाऱ्हाणं मात्र फक्त गोदामवाल्यांनाच कळेल. रात्री सीसीटीव्हीत पांढरे दोर हलताना दिसतात, मोबाइलवर सारख्या सूचना येतात, चोर म्हणून मालक उठून बसतात. कॅमेऱ्याभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे येतात, म्हणून कोळी काचेसमोरच जाळं विणतो, आणि त्या प्रकाशात धागा चमकतो. लांब दांड्याच्या मऊ ब्रशनं आठवड्याला एकदा पुसणं हा तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा, काही फूट दूर लावणं आणि कॅमेऱ्यातले बंद करणं. आमच्या मागच्या दाराला हे केलं, तेव्हापासून रात्रीच्या खोट्या सूचना जवळपास थांबल्या. काचेवर औषध मारू नका, काच धुरकट होते.

अंगावर फोडांची ओळ उठली की आपल्याकडं "कोळी मुतला" म्हणतात. कोळी असं काही करत नाही. पावसाळ्यात दिव्यावर एक लांबट, मुंगीसारखा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा येतो. तो चावत नाही, पण मानेवर बसला आणि हातानं चिरडला की त्याचा रस कातडीला लागतो. दुसऱ्या दिवशी जळजळ, लाल रेघ, मग फोड. म्हणून तो चिरडायचा नाही, फुंकरीनं उडवायचा आणि जागा साबणानं धुवायची. दुसरं कारण नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्टा, फोड यायच्या आधीपासून ठणका. जुन्या कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा होतो तो हा आजार. यावरचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींना आठ दिवस गेरू लावला, कोळ्याचा उतारा केला. फोड वाळले, पण पाठीतला ठणका पुढं कित्येक महिने राहिला. कोळ्याच्या नावाखाली ते दिवस वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

कोळी खरोखर चावला तर जागा साबण-पाण्यानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. बहुतेकदा दुखणं-सूज एक-दोन दिवसांत उतरते. कापू नका, चोखू नका, दोरी बांधू नका. जखम काळी पडत पसरत असेल, ताप, दम, पोटात गोळे येत असतील किंवा लेकरू लहान असेल तर दवाखाना. आणि रक्त थांबवायला कोळ्याचं जाळं लावायची जुनी खोड सोडा, जखमेत धूळ आणि जंतू जातात.

जळमटांच्या निमित्तानं सरपण, तुराट्यांचा ढीग, गोवऱ्या, जुन्या विटा हलवाल तेव्हा भीती कोळ्याची नाही, विंचवाची आणि मण्यारीची धरा. काठीनं आधी हलवा, हात घालू नका, पायात बूट. विंचू अतिनील टॉर्चच्या उजेडात हिरवट चमकतो, गावाकडच्या घरासाठी अशी टॉर्च घेऊन ठेवण्यासारखी आहे. लाल विंचू डसल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं असं दिसलं तर मांत्रिकाकडं नाही, १०८ ला फोन. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला आणि लाल विंचवाच्या दंशानं होणारे मृत्यू खूप कमी झाले. औषध आहे, वेळेत पोचलं पाहिजे.

गावाकडच्या ढाळजेत भिंतीवर कुंभारीण माशीनं मातीची घरं केली आहेत. एक फुटकं होतं, आत बघितलं तर दहा-बारा छोटे कोळी दाटीवाटीनं भरलेले. ती त्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लासाठी साठवते. ती घरं आम्ही तशीच ठेवली आहेत. बागेतली गोल जाळीही काढत नाही.

एक जागा अजून सुटलेली नाही, गोदामाच्या शटरचा वरचा डबा. सकाळी शटर वर गेलं की जाळी डोक्यावर पडतात. कापड अंथरून बघितलं, पंखच पंख. म्हणजे शटरवरचा पांढरा दिवा. तो हलवायला वायरिंग बदलावी लागते आणि मालक म्हणतात तुरीची आवक संपू दे. तोवर संध्याकाळी सात वाजता तो दिवा बंद करून रस्त्याच्या खांबाच्या उजेडावर काम भागवतोय. गेल्या पंधरवड्यात जाळी निम्मीच पडली.